तुवाकगुलच्या तोंडाला तारा

"खोजाबेर्दी-आगा आपल्याकडे राहणार? हॅट! चहाचा दुसरा पेला संपायच्या आत बूट शोधायला लावते की नाही, बघाच तुम्ही!"

तुवाकगुल हे बोलली ते भर अंगणात, तंदुरात कोपरापर्यंत हात घालून रोट काढता काढता. आणि बोलली कोणाला, तर नवऱ्याला. म्हणजे भिंतीलाच म्हणा ना! नुरगेल्दी कापसाचा ट्रक चालवायचा. आडदांड देह, मिशा अशा की नाक्यावरच्या पोलिसानेच आधी सलाम ठोकावा. पण घराण्यातला कुणी दाढीवाला समोर आला की ह्या गृहस्थाची शेळी व्हायची.

"अगं, पण सख्खे काका आहेत. त्यांना तोंडावर नाही कसं म्हणायचं?"

"तुम्ही कशाला म्हणताय? तुम्ही फक्त पलावाचं ताट पुढे सरकवा. बोलायला मी आहे. देवाने ह्या घरात तोंड एकच दिलंय, पण दोघांना पुरून उरतं!"

ह्यात बढाई नव्हती. बावीस वर्षांपूर्वी ती नवी नवरी म्हणून ह्या घरात आली, तेव्हा रीतीप्रमाणे शालीचं टोक दातांत धरून, म्हणजे याश्माक धरून, सासरच्या म्हाताऱ्यांसमोर गप्प बसली होती. सून काही बोलायची झाली तर शेजारच्या बाईच्या कानात कुजबुजते, ती बाई मोठ्याने सांगते. मग एखादा वडीलधारा काहीतरी भेट देतो, 'पुरे आता, तोंड उघड' म्हणतो, आणि सून शाल सोडते. कुणाचं हे वर्षभर चालतं, कुणाचं दहा वर्षं. तुवाकगुलचं चाललं तीन आठवडे! खोजाबेर्दी-आगांनी लग्नाच्या आहेरात एक मेंढा दिला होता, आणि दर जेवणाला त्याचं कौतुक चालू होतं. तिसऱ्या आठवड्यात ह्या बाईने दातांतलं टोक काढलं आणि भर पंगतीत म्हणाली, "आगा, पुरे करा! तो मेंढा नाही, मांजर आहे. काल मी त्याला उंदरामागे धावताना पाहिलं!"

आगा चहा न पिता उठून गेले. त्यानंतर ह्या घराची पायरी त्यांनी चढली नव्हती.

पण आता वेळच तशी आली होती. आगांची बायको वारली. तीन मुलगे, तीन सुना. ह्या सुनेने त्या सुनेकडे पाठवायचं, तिने तिसरीकडे. शेवटी म्हातारा भडकला. "तुमच्या कुणाच्याच दारात मरणार नाही! पुतण्याकडे जाईन!" असं म्हणून त्याने टोपी डोक्यावर घातली. तेजेन गावात पुतणे दोन. थोरला सापारमुरात, त्याची बायको एनेबाय. आणि धाकटा आमचा नुरगेल्दी. रविवारी दुपारी आगा नुरगेल्दीकडे जेवणार आणि तिथेच सांगणार, कुठे गादी टाकायची ते.

आता गादी टाकायची म्हणजे खोली हवी. नुरगेल्दीच्या घरात जादा खोली एकच. दक्षिणेची, भरपूर उजेडाची. ती होती तुवाकगुलची शिवणाची खोली. तिथे तिचं मशीन, तिचे रेशमाचे तागे, आणि भिंतीवर एक उभा आरसा. मशीन कुठेही हलवता येतं हो. जीव अडकला होता तो आरशात. त्याचं कारण सांगायचं, तर आधी तिच्या दातांचं सांगावं लागेल.

तुवाकगुलचे दात म्हणजे बाजाराच्या दिवशी बसमध्ये चढणारी माणसं. एकाच्या खांद्यावर दुसरा, दुसऱ्याच्या पाठीवर तिसरा! बोलताना तिला त्याचं काही वाटायचं नाही, कारण ती इतकं भराभर बोलायची की दात कुणाला दिसायचेच नाहीत. पण हसणं? हसायची वेळ आली की हात तोंडावर. लहानपणापासून हात तोंडावर. लग्नाच्या फोटोत हात तोंडावर. मुलीच्या लग्नाच्या फोटोतही हात तोंडावर, जसं काही नवऱ्या मुलाचा बापच खाली पडलाय! मुलगी सासरी गेली, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी बाईंच्या डोक्यात आलं की आता पुरे. शिवणाच्या कमाईतून ती राजधानीत, अश्गाबातला गेली आणि डॉक्टर आयसोल्तान नावाच्या बाईंकडून दोन्ही जबड्यांना तारा बसवून आली.

घराण्यात गहजब झाला. "आमच्यात माणसं दात सोन्याचे करतात, हिने लोखंडाचे केले!" एनेबाय तर म्हणाली, "तारा लावल्यास ते बरं केलंस गं. आता मॉस्कोचा रेडिओ ऐकू येत असेल!"

त्रास काही कमी नव्हता. पहिला आठवडा लापशीवर काढला. गाल आतून सोलून निघाला. 'स' म्हणायला गेलं की किटली शिट्टी वाजवायची. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे सूर्यफुलाच्या बिया बंद! आता तेजेनच्या बायकांत बसायचं आणि बिया सोलायच्या नाहीत म्हणजे काय? नुसती बसून ऐकणारी बाई म्हणजे चहाडखोरच! ती ओट्यावर येऊन बसली की बायका एकदम हवापाण्याच्या गप्पा मारायला लागायच्या. कुणाची सून पळाली, कुणाच्या नवऱ्याने उंट विकून काय केलं, ते तिला चार दिवसांनी कळायचं.

पण शिवणाच्या खोलीत, दार लावून, आरशासमोर ती हात खाली ठेवून हसून बघायची. पुढचा एक दात खरोखरच सरकला होता. तिला आपलं नशीबच जरासं सरकल्यासारखं वाटायचं. अजून लोकांसमोर तसं हसायचा धीर नव्हता. पण त्या खोलीत होता. आणि त्या खोलीत आता एक म्हातारा येऊन घोरणार? शक्यच नाही!

तर रविवार उजाडला. आगा बाराला येणार म्हणाले होते, म्हणजे तुवाकगुलने एकाचा हिशोब धरला. ती तंदुरापासून घराकडे निघाली, दोन्ही हातांत गरम रोटांची परात. डोक्यावर तिची चांगली शाल, गुलाबाच्या फुलांची, लांब झालरीची. तेवढ्यात वाळवंटाकडून वारा सुटला आणि शाल डोक्यावरून घसरायला लागली. हात मोकळे नाहीत. मग तिने काय केलं? हात गुंतलेली कोणतीही बाई करते तेच. टोक दातांत धरलं.

बावीस वर्षांनी दातांत शाल! पण ह्या वेळी दातांवर तारा होत्या, हे ती विसरली.

आणि फाटक उघडलं! पुढे मेंढीच्या कातड्याची भली मोठी टोपी, तिच्याखाली पांढरी दाढी, दाढीच्या मधोमध सोन्याचे दात. खोजाबेर्दी-आगा! मागे एनेबाय. म्हातारा चुकून आपल्या घराकडे वळू नये म्हणून तिने स्वतः टॅक्सीत घालून आणला होता. तिचा नवरा मुद्दाम गावाला गेला होता.

तुवाकगुलने वाक्य पाठ केलेलं होतं. 'या आगा, चहा घ्या, आणि परतीची गाडी कितीची आहे ते सांगा.' ते बोलायला तिने टोक सोडायचं ठरवलं. टोक सुटेना! झालरीचे दोरे मागच्या दाढेवरच्या आकड्यात गेले होते आणि वर तारा ओढून धरणाऱ्या रबराचा पीळ बसला होता. तिने मान मागे झटकली. दाढेतून कळ अशी गेली की डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तोंडावर शाल, घशातून आवाज आला तो "उम्म्म!"

आगा जागच्या जागी थांबले. त्यांना दिसलं ते असं : घरातली चव्वेचाळीस वर्षांची कर्ती बाई, हातांत रोटांची परात, मान खाली, दातांत शाल, डोळ्यांत पाणी.

"या अल्ला!" म्हातारा काठीवर रेलला. "नुरगेल्दी, ही तीच का रे?"

"हो काका," नुरगेल्दी म्हणाला. त्याचाही विश्वास बसत नव्हता.

"माझ्यासाठी याश्माक धरला? ह्या वयात?"

तुवाकगुलने जोरजोरात मान हलवली. नाही! नाही!

"बघा, बघा, कशी लाजतेय!" आगा म्हणाले.

एनेबाय मात्र कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिने शेजारी येऊन एक डोळा बारीक केला, ओठाच्या कोपऱ्यात चमकणारी तार पाहिली, तिला गुंडाळलेला दोरा पाहिला, आणि सगळं ओळखलं. वाटलं असतं तर घरातून कात्री आणून दोन मिनिटांत सोडवली असती. पण सोडवली तर ही बोलणार. ही बोलली तर म्हातारा इथून उठणार. इथून उठला तर बसणार कुठे? एनेबायच्या घरी! तिने जावेची परात नुरगेल्दीच्या हातात दिली आणि जावेचा हात असा घट्ट धरला की बघणाऱ्याला वाटावं, काय ह्या दोघींचं प्रेम!

"उम्मऽ म्म! उम्म्म!" तुवाकगुल तिच्या कानाशी लागली. म्हणजे, 'अगं टवळे, कात्री आण!'

"काय म्हणतेय सूनबाई?" आगांनी विचारलं.

"म्हणतेय, आगा, तुमच्या पायांनी अंगण उजळलं."

तुवाकगुलने डोळे वटारले. हात सोडवून घराकडे धावायला बघितलं, तर आगांनी काठी आडवी धरली. "खबरदार! आज ह्या सुनेने कामाला हात लावायचा नाही. ताट-वाट्या नुरगेल्दी आणील. सूनबाई, तू इथे माझ्यासमोर बस!"

झालं! मान मिळाला आणि पाय बांधले गेले. सतरंजीवर तिला मधोमध बसवलं. मान असा की उठायची सोय नाही, कळ अशी की ओरडायची सोय नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

तिने नवऱ्याकडे बघून दोन बोटांची कात्री केली. कच, कच! नुरगेल्दीने क्षणभर विचार केला, समजल्यासारखी मान डोलावली, आणि आगांच्या ताटात पलावाचे आणखी दोन डाव वाढले. तिने पुन्हा बोटं हलवली. त्याने आणखी दोन वाढले.

"पोरा, मारतोस का मला?" आगा म्हणाले, पण खूश होऊन. चार घास पोटात गेले तसा म्हातारा पाघळायला लागला. "एनेबाय, मी हिच्यावर अन्याय केला बरं का. हिने मेंढ्याला मांजर म्हटलं म्हणून रागावून गेलो. पण खरं सांगू? होतंच ते मांजर! कुणी विकत घेईना म्हणून आहेरात दिलं होतं."

"उम्म्म!" तुवाकगुल म्हणाली. म्हणजे, 'बघा! मी म्हटलं नव्हतं का!'

"म्हणतेय, झालं गेलं विसरून जा, आगा."

आगांनी नाक पुसलं. "पुरे, सूनबाई. रीत झाली. सोड शाल, तोंड उघड. मी तुला रेशमाचं कापड देतो."

आता सगळे तिच्याकडे बघायला लागले. शाल सोडायची, आणि भेट आपली! तुवाकगुलने जीभ आत वळवून दोरा ढकलून पाहिला. ढिम्म! कळ मात्र थेट कानापर्यंत. शाल जागची हलली नाही.

"कापड कमी पडलं वाटतं," आगा म्हणाले. "बरं, एक मेंढी. खरी मेंढी, मोठ्या शेपटाची."

शाल तिथेच.

"काका, ती काही मागत नाहीये..." नुरगेल्दी चाचरला. त्याला आता घाम फुटला होता. बायको इतका वेळ गप्प बसलेली त्याने झोपेतही पाहिली नव्हती.

"तू थांब रे! ही बाई आपली किंमत ओळखून आहे. गाय देतो!"

गायही शालीवर आपटून परत आली. आता आगांना चेव चढला. जन्म गुरांच्या बाजारात गेलेला माणूस, समोरचा बोलत नाही म्हटल्यावर त्याच्या अंगात वारंच शिरलं. गुडघ्यावर थाप मारून ते ओरडले, "उंटीण! दूध देणारी उंटीण, पिल्लासकट! आता तरी सोड!"

तुवाकगुलच्या डोळ्यांपुढे उंटीण आली, पिल्लू आलं, आणि त्यांच्या मागून काठी टेकत आगा आले. तिने दोन्ही हात जोडून मान हलवली. नको, नको! काही नको! फक्त जा!

"काय म्हणतेय?" आगांनी विचारलं.

एनेबायने कान लावला. लावायची गरज नव्हती, वाक्य तयारच होतं. शालीचं टोक डोळ्याला लावल्यासारखं करून ती म्हणाली, "आगा, हिला गाय नको, उंटीण नको. म्हणतेय, मला फक्त एकच द्या. जाऊ नका. इथेच राहा. माझी शिवणाची खोली तुमचीच समजा."

काय सांगू! म्हातारा ढसाढसा रडला. सोन्याचे सगळे दात दिसले. "तिघी सुना मला! तिघींपैकी एकीनेही कधी 'आणखी एक पेला घ्या' म्हटलं नाही, आणि ही म्हणते इथे राहा! नुरगेल्दी, आण माझं गाठोडं टॅक्सीतून!"

आपलेच दात आणि आपलेच ओठ! पण तुवाकगुलने आता दातांची पर्वा सोडली. माझी खोली? माझा आरसा? तिने शालीला दोन्ही हातांनी मूठ घातली, डोळे मिटले, आणि हिसडा दिला.

टक्!

शाल सुटली. झालरीला लोंबकळत तारेचा, दाताला चिकटवलेला एक चकाकता खडा बाहेर आला, आणि त्याच्यामागून जे बाहेर आलं ते एनेबायलाही अपेक्षित नव्हतं. तासाभराचं तुंबलेलं होतं ना!

"खोटं! सगळं खोटं! मी एक अक्षर बोलले नाही! याश्माक कसला आणि फियाश्माक कसला, तारेत झालर अडकली होती! ही भवानी सगळं मनाने सांगतेय, कारण तुम्ही तिच्याकडे गेलात तर तिला घेरी येईल! आणि आगा, तुम्ही इथे राहायचं नाही. तुम्ही पहाटे उठून सगळ्यांना उठवता, चहात चूक काढता, पलावात चूक काढता, आपल्या सुनांच्या नावाने खडे फोडता! ती खोली माझी आहे. जन्मभर मी तोंडावर हात ठेवून हसले, कळलं? त्या खोलीत मी हात खाली ठेवून हसते. तेवढी एक जागा आहे मला. ती मी उंटिणीला देणार नाही आणि तुम्हालाही देणार नाही!"

तार तुटून बाहेर आलेली. त्यामुळे प्रत्येक 'स' अशी शिट्टी मारत होता की शेजारच्यांचा कुत्रा भिंतीवर चढून बघायला लागला. बोलून झालं. आता आगा उठणार, आकांडतांडव करणार, टोपी घालणार, चालू लागणार. खोली वाचली!

एनेबाय पांढरीफटक पडली. नुरगेल्दी पुटपुटला, "काका... ती म्हणतेय ते... म्हणजे खरंच आहे." आयुष्यात पहिल्यांदा तो एखाद्या दाढीसमोर एवढं बोलला होता, आणि नेमकं ते कुणी ऐकलं नाही.

आगा एकटक तुवाकगुलच्या तोंडाकडे बघत होते. वाकून, डोळे बारीक करून.

"तोंडाला लोखंडाचं कुंपण घातलंय," ते हळूच म्हणाले, "तरी एवढं बाहेर पडतं?"

आणि हसायला लागले! असे हसले की टोपी मागे पडली. हसता हसता पुन्हा डोळे भरून आले. "सूनबाई, माझ्या तिघी सुना तोंडावर साखर पेरतात. 'आगा, बसा. आगा, घ्या.' आणि रात्री भिंतीपलीकडून माझ्या मरणाच्या तारखा मोजतात. मी सगळं ऐकतो गं. कान शाबूत आहेत माझे. घरात आपल्याला कुणी तोंडावर शिव्या द्याव्या, म्हणजे कळतं तरी आपण जिवंत आहोत! जाऊ कुठे आता? अशी सून मला सात गावांत मिळायची नाही."

"आगा, मी खरंच सांगतेय, जा!"

"पुन्हा म्हण!"

"जा!"

"वाहवा!" म्हातारा खुशीत नुरगेल्दीकडे वळला. "ऐकलंस? कशी आरपार! गाठोडं आण रे. आणि खोली तिचीच राहू दे. मला खोली नको. तिच्या दाराशी गादी टाक, म्हणजे ही दिवसभर मशीनवर बसून बोलेल आणि मला सगळं ऐकू येईल."

एनेबाय घाईघाईने उठली, म्हणाली दूध उतू जात असेल, आणि टॅक्सीत न बसताच चालत घरी गेली. वाटेत ती गात होती, असं लोक सांगतात.

गुरुवारी तुवाकगुल अश्गाबातला गेली. डॉक्टर आयसोल्तानने तुटलेला खडा पुन्हा चिकटवला, नवी तार ओवली, आणि मोठ्या आस्थेने विचारलं, "ह्या वयात तारा घातल्या की माणसाच्या रोजच्या जगण्यावर परिणाम होतो. तुम्हाला काय काय जाणवतं? जेवण? झोप? चारचौघांत बोलणं?"

तुवाकगुलने दाराकडे पाहिलं. बाहेरच्या बाकावर खोजाबेर्दी-आगा बसले होते. बरोबर यायचाच हट्ट धरला होता त्यांनी. आलेल्या प्रत्येक पेशंटला ते मोठमोठ्याने सांगत होते, "आत आहे ना, ती माझी सून! सकाळपासून मला चार वेळा हाकललंय!"

"घरात जरा गर्दी वाढलीय," तुवाकगुल म्हणाली.

डॉक्टरला काही कळलं नाही. तिने आपली समजूत घातली, "एवढं मनाला लावून घेऊ नका हो. दीड वर्षात सगळं निघेल."

"तारा निघतील हो, डॉक्टर," तुवाकगुल म्हणाली, "पण म्हातारा कोण काढणार?"